पंखावरचे डोळे



फुलपाखरू म्हटले की मुलांच्या चित्रवहीतील लाल, पिवळे, निळे पंख आपल्या नजरेसमोर येतात. आज आम्ही ज्या फुलपाखराची ओळख करून देणार आहोत, त्याला चित्रवहीत कोणी जागा देईल असे वाटत नाही. त्याचा रंग तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखा. पंख पसरले तरी नर साडेतीन ते चार सेंटिमीटर भरतो. मादी त्याहून थोडी मोठी, म्हणजे जेमतेम आगपेटीच्या लांबीएवढी. ते उंच उडत नाही, जमिनीलगत झुडुपांतून फिरते. फुलांपेक्षा झाडाखाली पडून सडलेली फळे त्याला अधिक प्रिय. असे हे साधेसुधे, नजरेत न भरणारे फुलपाखरू. तरीही गेली पस्तीसहून अधिक वर्षे मोठमोठ्या विद्यापीठांतील शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करीत आहेत.

असे काय आहे त्याच्यात? एका फार जुन्या प्रश्नाचे उत्तर त्याच्या पंखावर आहे. एखादा जीव जसा असतो तसा तो जन्मामुळे असतो, की त्याला मिळालेल्या परिस्थितीमुळे? हा प्रश्न आपल्या वाचकांना नवा नाही. पण या वेळी तो आपण माणसाला न विचारता एका किड्याला विचारणार आहोत, आणि तो काय सांगतो ते शांतपणे ऐकून घेणार आहोत.

नाव काय, गाव कोणते?

या फुलपाखराचे शास्त्रीय नाव बायसायक्लस अॅनिनाना. नाव जिभेला जड आहे खरे. इंग्रजीत त्याला स्क्विंटिंग बुश ब्राऊन म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर ‘डोळे किलकिले करणारे झुडुपातले तपकिरी’. हे नाव त्याला कसे शोभते ते पुढे कळेलच. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील आर्थर बटलर यांनी १८७९ साली या जातीचे शास्त्रीय वर्णन केले. याच्या गणगोतात शंभराहून अधिक जाती आहेत आणि त्यांचे घर आफ्रिका.

आपले हे फुलपाखरू आफ्रिकेच्या पूर्व भागात राहते. उत्तरेला इथिओपियापासून खाली केनिया, टांझानिया, मलावी, मोझांबिक, झिंबाब्वे असे करीत दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागापर्यंत ते सापडते. तिथला मुलूख सव्हाना या नावाने ओळखला जातो. सव्हाना म्हणजे निव्वळ माळरान नव्हे आणि दाट अरण्यही नव्हे. कमरेएवढे गवत, त्यात अंतराअंतरावर झाडे, कुठे झाडे जवळजवळ येऊन त्यांची सावली झालेली. अशा सावलीच्या कडेला, गवत आणि पालापाचोळा जिथे एकत्र असतो तिथे, याचा मुक्काम असतो.

यातील मलावी या देशाकडे आपण विशेष लक्ष देऊ, कारण ही गोष्ट तिथूनच पुढे गेली. मलावी हा लहान देश १९६४ साली ब्रिटिशांच्या ताब्यातून स्वतंत्र झाला. त्याच्या पूर्वेच्या अंगाला मलावी सरोवर पसरले आहे, क्षेत्रफळाने आफ्रिकेतील तिसऱ्या क्रमांकाचे. तेथील माणसे प्रामुख्याने शेतीवर जगतात. मका हे त्यांचे मुख्य अन्न. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, ज्याला ते न्सिमा म्हणतात, तो झाला की जेवण झाले. ही शेती बहुतांशी पावसावर अवलंबून. पाऊस वर्षातून एकदाच येतो. पण आपल्या उलट. आपल्याकडे दिवाळीनंतर पाऊस सरतो, तिकडे नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत पडतो. मे ते ऑक्टोबर आकाश कोरडे.

एकाच देशाचे जणू दोन देश होतात. पावसाळ्यात जिकडे तिकडे हिरवे गवत. कोरड्या दिवसांत तेच गवत वाळून पिवळे पडते, पाने गळतात, जमीन तपकिरी पाचोळ्याने झाकली जाते. या फुलपाखराची अळी गवत खाऊन वाढते. म्हणजे हिरवे गवत असेपर्यंतच बाळंतपण परवडते. नंतर पुढचा पाऊस येईपर्यंत कसेबसे जीव धरून राहायचे. हंगामी कामावर पोट असणाऱ्या घरांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही.

एक जात, दोन रूपे

पावसाळ्यात जन्माला आलेले फुलपाखरू पंख मिटून बसले की त्याच्या पंखांच्या कडेने गोल गोल डोळे दिसतात. खरे डोळे नव्हेत, डोळ्यांसारखी नक्षी. मधोमध पांढरा ठिपका, त्याभोवती काळे वर्तुळ, त्याभोवती पिवळसर सोनेरी कडे. मागच्या पंखावर असे सात, पुढच्या पंखावर दोन. शिवाय पंखावरून आडवा जाणारा एक फिकट पट्टा. एकंदर, लक्ष वेधून घेणारा पेहराव.

कोरड्या ऋतूतील फुलपाखरू पाहिले तर ते दुसऱ्याच जातीचे वाटावे. डोळे आक्रसून टाचणीच्या टोकाएवढे झालेले, काही तर नाहीसेच. पट्टाही पुसट. सगळा पंख सारखा तपकिरी. पाचोळ्यावर बसले की फुलपाखरू कोणते आणि पान कोणते हे सांगता येत नाही. पावसाळ्यात टक्क उघडलेले डोळे कोरड्या दिवसांत किलकिले होतात ते असे.

आता मुद्द्याची गोष्ट. ही दोन रूपे म्हणजे दोन जाती नव्हेत, दोन घराणीही नव्हेत. एकाच मादीने घातलेल्या अंड्यांतून निघालेली सख्खी भावंडे घ्या. अर्धी उबेत वाढवा, अर्धी गारव्यात. उबेतली मोठ्या डोळ्यांची होतील, गारव्यातली डोळे मिटल्यासारखी. प्रयोगशाळेत हे कितीतरी वेळा करून पाहिले आहे. सुमारे २७ अंश सेल्सिअसला अळ्या वाढवल्या तर पावसाळी रूप मिळते. १७ ते २० अंशांना वाढवल्या तर कोरड्या ऋतूचे. आणि मधले तापमान ठेवले तर? मग डोळेही मधल्याच आकाराचे. जसे तापमान चढते तसे डोळे वाढत जातात.

डोळे कशासाठी?

पंखावरचे हे डोळे शोभेचे नाहीत, ते जीव वाचवण्याचे साधन आहे. पावसाळ्यात सगळीकडे हिरवळ. त्या हिरव्यावर तपकिरी फुलपाखरू कसेही लपत नाही. मग निराळी युक्ती. शिकाऱ्याची नजर डोक्यावर, अंगावर पडण्याऐवजी पंखाच्या कडेला असलेल्या डोळ्यांवर पडावी, घाव तिथे बसावा. कडेचा पंख फाटतो, पण फुलपाखरू निसटते. फाटक्या पंखाने ते उडू शकते, तुटलेल्या मानेने नाही.

हे नुसते अनुमान नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या फुलपाखरांना प्रार्थनाकीटकासमोर सोडले होते. पुढचे दोन पाय नमस्कारासारखे जोडून बसणारा, नाकतोड्यासारखा दिसणारा शिकारी किडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, तोच हा. मोठ्या डोळ्यांची फुलपाखरे त्याच्या नजरेत लवकर भरली. पण त्याचे झडप घालणे पंखाच्या कडेवर गेले आणि पुष्कळ फुलपाखरे सुटली. जी सुटली ती अंडी घालायला उरली.

मग हे डोळे बारा महिने का नसावेत? याचेही उत्तर प्रयोगातून मिळाले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पक्ष्यांसमोर दोन्ही रूपे ठेवली होती. तपकिरी पानांच्या पार्श्वभूमीवर बिनडोळ्यांची फुलपाखरे पक्ष्यांना सापडेनात आणि डोळेवाली चटकन सापडली. हिरव्या पानांवर मात्र दोन्ही सारखीच दिसत होती, तिथे लपण्याचा फायदा उरला नाही. म्हणजे पाचोळ्यात मोठे डोळे घेऊन बसणे हे अंधारात विडी पेटवून लपण्यासारखे आहे. ज्या ऋतूत जे चालते ते दुसऱ्या ऋतूत जिवावर बेतते.

आम्ही पडलो हिशेबाच्या वहीतली माणसे, म्हणून आम्हाला हा प्रकार जमाखर्चासारखा दिसतो. पावसाळी फुलपाखराचा कारभार घाईचा. उबेमध्ये अंड्यापासून फुलपाखरू होण्यास जवळपास महिना पुरतो. बाहेर पडले की लगेच जोडी जुळवणे, लगेच अंडी घालणे. शिल्लक काही ठेवायची नाही. हिरवे गवत आहे तोवर पिढी पुढे ढकलायची. कोरड्या ऋतूतील फुलपाखराचा कारभार काटकसरीचा. त्याला वाढायलाच अधिक दिवस लागतात. अंग भारी असते, अंगात चरबी अधिक साठवलेली असते. ते फारसे हिंडत नाही. अंडी घालणे लांबणीवर टाकते आणि पाचोळ्यात निपचित बसून महिनोन्महिने दिवस काढते. पहिला पाऊस पडून गवत फुटले की मग अंडी. तेव्हा बदलतात ते केवळ डोळे नाहीत, जगण्याची सगळी रीतच बदलते.

घरच्या पानासाठी म्हणून आणखी एक गंमत सांगतो. पावसाळ्यात नर मादीच्या मागे लागतो आणि पसंती-नापसंती मादीची. अमेरिकेतील येल विद्यापीठात झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, गारव्यात वाढलेल्या फुलपाखरांत हे उलट होते. मादी पुढाकार घेते, नर चोखंदळ होतो. कारण मीलनाच्या वेळी नराकडून मादीला जे मिळते त्यात तिला जगवणारा आधारही असतो, आणि नराला त्याची किंमत मोजावी लागते. दुष्काळी दिवसांत तो आधार मादीला मोलाचा ठरतो. नराने काय करावे आणि मादीने काय करावे हे निसर्गानेच कायमचे ठरवून दिले आहे, असे छातीठोकपणे सांगणारे आपल्या आसपास बरेच असतात. त्यांना या फुलपाखराकडे पाठवावे.

निरोप कोण देतो?

अळी गवताच्या पात्यावर बसलेली असते. तिने पुढचा ऋतू पाहिलेला नाही. तिच्या आईने सांगावे, तर आई अंडे घालून निघून गेली. मग आपण फुलपाखरू होऊ तेव्हा बाहेर हिरवे असेल की वाळलेले, हे तिला कसे कळते?

तिला निरोप मिळतो तो गारव्याचा. मलावीत पावसाळा संपत येतो तशी हवा थंड होऊ लागते. गवत अजून हिरवे असते, पण थंडी सांगते की आता कोरडे दिवस येणार. अळीच्या वाढीच्या शेवटच्या दिवसांत आणि कोष बनल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात हा निरोप घेतला जातो. उबेने किंवा गारव्याने अळीच्या शरीरातील एक्डायसोन नावाच्या हार्मोनचे प्रमाण आणि वेळ बदलते. हे हार्मोन किड्यांना कात टाकायला आणि रूप पालटायला लावते. योग्य वेळी ते अधिक असेल तर डोळे मोठे होतात, कमी असेल तर लहान राहतात. गारव्यात वाढणाऱ्या अळीला त्या नेमक्या वेळी हे हार्मोन बाहेरून दिले, तर थंडी असूनही तिच्या पंखावरचे डोळे मोठे होतात, हेही शास्त्रज्ञांनी करून पाहिले आहे.

एकदा का तो काळ गेला की दार बंद. कोषातून बाहेर पडलेल्या फुलपाखराचे पंख वाढत नाहीत आणि बदलतही नाहीत. निरोप खरा निघाला तर ते तरेल, खोटा निघाला तर चुकीचा पेहराव घालून चुकीच्या ऋतूत उभे राहील.

सरोवराकाठच्या ऐंशी माद्या

हे सगळे कळले कसे, तेही ऐकण्यासारखे आहे. मलावी सरोवराच्या पश्चिम काठावर न्खाटा बे नावाचे गाव आहे. १९८८ साली तेथून या फुलपाखराच्या ऐंशीहून अधिक अंड्यांवर आलेल्या माद्या पकडून नेदरलँडमधील लायडन विद्यापीठात नेण्यात आल्या. पॉल ब्रेकफील्ड हे तेव्हाचे तेथील शास्त्रज्ञ. त्या माद्यांपासून सुरू झालेली वंशावळ पिढ्यान् पिढ्या चालू राहिली आणि तेथून इतर देशांतील प्रयोगशाळांतही गेली. ब्रेकफील्ड यांच्याप्रमाणेच अँटोनिया मोंतेरो या शास्त्रज्ञ बाईंनी या फुलपाखरावर आयुष्याची अनेक वर्षे खर्च केली. पुढे सिंगापूरमध्येही त्यांनी हे काम चालू ठेवले. या फुलपाखराचा थाटमाटही नाही. अळ्यांना मक्याची कोवळी रोपे आणि फुलपाखरांना पिकलेले केळे. न्सिमा खाणाऱ्यांच्या देशातले हे पाहुणे परदेशातही मक्यावरच वाढले.

तिथे दुसरा एक प्रयोग झाला, तो सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. नाहीतर वाचकांना वाटेल की सगळा खेळ परिस्थितीचाच. शास्त्रज्ञांनी दर पिढीत सर्वांत मोठ्या डोळ्यांची फुलपाखरे निवडून त्यांचीच पुढची पिढी घेतली. दुसऱ्या पिंजऱ्यात सर्वांत लहान डोळ्यांची निवडली. असे वीसेक पिढ्या केल्यावर एका पिंजऱ्यातील फुलपाखरे थंडीतही मोठे डोळे घेऊन जन्मू लागली आणि दुसऱ्यातील उबेतही बारीक डोळ्यांची राहिली. म्हणजे आनुवंशिकतेचाही वाटा आहे. उबेला किती प्रतिसाद द्यायचा, हे अंगातली जनुके सांगतात; आणि ती जनुके कोणते रूप दाखवणार, हे ऊब ठरवते. एका हाताने टाळी वाजत नाही.

आणखी एक शोध तर फारच नवलाचा. किड्यांच्या शरीरात पायांची टोके घडवण्याच्या कामी येणारे डिस्टल-लेस नावाचे एक जनुक आहे. ते फार पुरातन. १९९४ साली असे लक्षात आले की फुलपाखराच्या पंखावर जिथे डोळा उमटणार असतो, नेमक्या त्या जागी हेच जनुक काम करीत असते. आधी हे दुसऱ्या एका फुलपाखरात दिसले, १९९६ साली आपल्या या आफ्रिकी फुलपाखरातही दाखवले गेले. पाय घडवणारी हत्यारे निसर्गाने डोळे रंगवण्यासाठी वापरली! घरात नवे सामान आणायला पैसे नसले की आपली माणसे जुन्या साडीची गोधडी करतात, तसेच म्हणा ना.

हा डोळा रंगतो तो मध्यावरच्या काही पेशींच्या इशाऱ्याने. कोवळ्या कोषाच्या पंखातून त्या मधल्या पेशी काढून दुसरीकडे बसवल्या तर त्या नव्या जागी डोळा उमटतो. मधल्या पेशी इशारा सोडतात, आसपासच्या पेशी तो ऐकून आपापला रंग धरतात. जवळच्या काळ्या होतात, पलीकडच्या सोनेरी.

निरोपच खोटा निघाला तर?

आता जी गोष्ट सांगायची आहे ती काळजीची आहे. हजारो वर्षे गारवा आला म्हणजे कोरडे दिवस आले, हे गणित खरे ठरत आले. या फुलपाखराने आपला सगळा डाव या एका गणितावर लावला आहे. पण पृथ्वी तापते आहे. तापमान एकीकडे आणि पाऊस दुसरीकडे, असे झाले तर? हवा उबदार राहिली आणि पाऊस मात्र लवकर संपला, तर अळी समजेल की पावसाळा चालूच आहे. ती मोठे डोळे घेऊन, घाईचा कारभार घेऊन बाहेर येईल. बाहेर पाचोळा. लपता येणार नाही, आणि अंडी घातली तर पिलांना गवत नाही.

यावर कोणी म्हणेल, हळूहळू बदलेल की ती जात. जीव बदलतातच. बरोबर आहे, पण बदलायला भांडवल लागते. एकाच जातीत निरनिराळ्या प्रकारे प्रतिसाद देणारे जीव असतील, तर त्यांतून पुढे टिकाऊ निवडले जातात. २०१८ साली याच फुलपाखरावर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी तेच तपासले. त्यांना असे दिसले की, ऋतूप्रमाणे शरीराचा कारभार बदलणाऱ्या जनुकांच्या प्रतिसादात घराण्या-घराण्यांत फारसा फरकच नाही. सगळे एकाच निरोपाला जवळपास एकाच पद्धतीने उत्तर देतात. निरोप खरा होता तोवर हीच त्यांची ताकद होती. तो खोटा ठरू लागला तर हीच कमजोरी होऊ शकेल.

हा प्रश्न एका किड्यापुरता नाही. ज्या पावसाची वाट हे फुलपाखरू पाहते त्याच पावसाची वाट मलावीचा मका लावणारा शेतकरी पाहतो. २०२३ च्या मार्च महिन्यात फ्रेडी नावाच्या चक्रीवादळाने दक्षिण मलावीत दरडी कोसळून आणि पूर येऊन शेकडो माणसे गेली. पुढच्याच वर्षी, २०२४ च्या मार्चमध्ये, पावसाने दगा दिला म्हणून तेथील सरकारला २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर करावी लागली. एक वर्ष पाणी फार, दुसरे वर्ष पाणीच नाही. मराठवाडा आणि विदर्भातील आमच्या वाचकांना हे वाचताना गाव आठवल्यावाचून राहणार नाही.

किडा आणि माणूस

आरंभी आपण जो प्रश्न विचारला होता त्याकडे वळू. जन्म की परिस्थिती? फुलपाखराचे उत्तर असे: अंड्यात दोन्ही रूपांची तयारी असते. कोणते रूप बाहेर यावे, हे बाळपणीच्या उबेवर ठरते. सख्ख्या भावंडांतले एक पाचोळ्यासारखे आणि एक डोळस, यात त्या पाचोळ्यासारख्याचे रक्त हलके होते असे कोणी म्हणू शकणार नाही.

मात्र येथे आम्ही स्वतःलाही आवर घालतो. किड्याच्या पंखावरून माणसाच्या समाजाचा कायदा काढायचा नसतो. ज्यांनी तसे केले त्यांनी बहुधा आपल्या सोयीचा कायदा काढला. या फुलपाखरात लहान डोळे हे काही कमीपणाचे लक्षण नाही; कोरड्या दिवसांत तेच शहाणपण आहे. आणि दुसरा फरक त्याहून मोठा. अळीला निरोप ऐकायला शेवटचे थोडे दिवस मिळतात. नंतर तिचे दार बंद होते, ते कायमचे. माणसाचे तसे नाही. बालपणी ऊब मिळाली नाही म्हणून माणसाचे पंख तिथेच संपत नाहीत. दिवसभर हमाली करून रात्रशाळेत अक्षर गिरवणारे, चाळिशीत मॅट्रिक झालेले, नातवाच्या पाटीवर सही शिकलेल्या आजीबाई, असे लोक आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत. तरीही बाळपणीची ऊब बाळपणीच मिळावी, हे बरे. ती देणे हे घराचे काम आहे, आणि घराला जमत नसेल तर वस्तीचे.

मुलांसाठी एक काम

आफ्रिकेतले हे फुलपाखरू आपल्याकडे सापडत नाही. पण त्याचे भाऊबंद आपल्याकडे आहेत. त्यातील एक तर आफ्रिकेतही आहे आणि महाराष्ट्रातही. शास्त्रज्ञ त्याला मेलानायटिस लेडा म्हणतात. ते तपकिरी, अंगाने याच्यापेक्षा मोठे आणि संध्याकाळी उडणारे. दिवेलागणीला कधी दिव्याच्या ओढीने घरातही शिरते. त्याची अळी भाताची आणि गवताची पाने खाते. दिवसा ते झाडाखालच्या पाचोळ्यात दडून बसते आणि अगदी पाय पडायची वेळ आली की भुर्रकन उडून पुन्हा दोन हातांवर बसते. पावसाळ्यात त्याच्याही पंखाखाली डोळ्यांची रांग असते, आणि कोरड्या दिवसांत ते हुबेहूब वाळक्या पानासारखे होते.

तेव्हा मुलांनो, श्रावणात एखादे जास्त पिकलेले केळे घ्या. आईला विचारून घ्या, घरात खाण्यासारखे असेल ते नको. चाळीमागच्या, शाळेमागच्या एखाद्या झाडाच्या बुंध्याशी सावलीत ठेवा आणि संध्याकाळी जाऊन पाहा. तपकिरी फुलपाखरू बसलेले दिसले तर त्याला हात लावू नका. पंखावरचे डोळे मोजा आणि वहीत चित्र काढून त्याखाली तारीख घाला. मग फेब्रुवारीत त्याच झाडाखाली पुन्हा केळे ठेवा, पुन्हा चित्र काढा. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून घरातल्या सगळ्यांना दाखवा आणि विचारा, ही दोन फुलपाखरे एका जातीची की दोन?

मोठी माणसे काय उत्तर देतात ते ऐका. मग त्यांना ही गोष्ट सांगा.